बिनवाट्याचा दोर

हाताला मासळीचा वास नि ताटात कुळथाची पिठी, असे पाच महिने आमच्या घरानं काढले. ते कसे काढले ते सांगते. मी चौथीपर्यंत शाळेत गेले. लिहायला बसले की अक्षरं कुर्ल्यांसारखी वाकडी चालतात, म्हणून नात लिहून घेते. ती मधेच थांबते नि विचारते, "आजी, हे खरं?" मी म्हणते, खोटं सांगायला डोकं लागतं, ते आता माझ्याकडं नाही. तू लिही.

आमची वाडी पूर्णगडाच्या खालच्या अंगाला, दर्याला चिकटून. घर म्हणजे चिऱ्याच्या दोन खोल्या, पुढं पडवी, वर कौलं. घरात आम्ही तिघीच. आय, मी नि आत्या. बाबा खलाशी, मंगळुराकडच्या गलबतावर. पाऊस लागला की यायचे, नारळी पुनव झाली की जायचे, त्यामुळं मासळीचे सगळे महिने घरात बाप्यामाणूस नाही. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर माहेरी आलेली. एका पायानं अधू. खुब्यातून दुखायचं तिला, भुईला हात टेकून उठायची. दिवसभर पडवीत बसून लोकांची जाळी सांधायची नि जाणाऱ्या-येणाऱ्याला टोमणे मारायची. विटाळचांडाळ तिच्याएवढा वाडीत कोणी पाळत नव्हतं. आयला कावळा शिवला की चार दिवस पडवीच्या बाहेरच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसवायची. पाणी वरून ओतायचं, भाकरी लांबून सरकवायची. आयची सावली पडली तरी सांधायचं जाळं उचलून आत न्यायची. पाय अधू, पण सांगणार कोणाला, स्वतःच फरपटत जायची नि शिव्या घालत जायची.

त्या वेळी वाडीचं पोट रापणीवर. आता कोणाला रापण ठाऊक नाही म्हणून सांगते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, एकाचं नाही, सगळ्या वाडीचं. वर सड्यावर, टेकडीच्या सपाट माथ्यावर, एक माणूस बसायचा पाण्याचा रंग बघत. थवा दिसला की तो उठून धोतराचा सोगा हलवायचा नि हाक द्यायचा, "होऽऽऊ!" ती हाक आली की चुलीवरचं कालवण चुलीवर टाकून बाया धावायच्या. होडी दर्यात अर्धा फेरा मारून जाळं टाकायची, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर यायचे, नि त्या दोरांना बाप्ये, बाया, म्हातारे सगळे. मागं मागं सरत ओढायचं. टाच वाळूत रुतवायची नि कंबर मागं टाकायची. दीड-दोन तास लागायचे. मग वाटे पडायचे. मोठ्या माणसाला पुरा वाटा, पोराला अर्धा. घरातलं माणूस दोरावर असलं तर त्या घराची चूल पेटते, एवढा साधा हिशोब होता.

आणि लहान पोरांचा एक नियम होता. जाळं वर आलं की धाकूअण्णा, म्हणजे आमचा तांडेल, रापणीचा मुख्य, तो वल्ह्यानं वाळूत रेघ मारायचा. रेघेच्या आतली मासळी वाट्यांची. उसळून बाहेर पडेल ती पोरांची. आम्ही पोरं रेघेवर कावळ्यांसारखी बसायचो. फ्रॉकात, पोलक्यात, जिथं मावेल तिथं कोंबायचो. पण एकदा का पोरानं दोराला हात लावला, की त्याचा अर्धा वाटा सुरू झाला नि वाळूवरचा हक्क गेला. वाटे पडेपर्यंत दोरावरच्या माणसानं वाळूला हात लावायचा नाही. धाकूअण्णासुद्धा वाकायचा नाही.

मी त्या वर्षी दोराला लागले. तेरावं सरत होतं. आयनं नवं लुगड्याचं फडकं तळहाताला बांधलंन नि मला आपल्या पुढं उभी केलीन. चार की पाच ओढी झाल्या असतील. सहाव्या दिवशी जाळं वर आलं, अण्णानं रेघ मारलीन, नि एक सरंगा, चांगला दोन वीत, उसळला तो थेट माझ्या पायाशी. रेघेच्या बाहेर. मी उचलला नि परकराच्या ओच्यात घातला. विचार केला नाही. सात वर्षं तेच करत आले होते. हात आपले आपण गेले.

सखूकाकी माझ्या बाजूलाच. शेजारीण आमची, पण तिचं नि आयचं माडाच्या झावळांवरून वाकडं. ती मोठ्यानं म्हणाली, "काय गो यमे, एका ओढीत पोट वाढलं तुझं? महिने किती?"

बाया हसल्या. ओच्यात सरंगा शेपूट मारत होता. मी खाली बघितलं, तेव्हा मला कळलं मी काय केलं ते.

देवळाच्या सभामंडपात गावकी बसली. बाप्ये आत, बाया पायरीवर. आय मला घेऊन मधे उभी राहिली. धाकूअण्णा मोठ्या आवाजाचा माणूस नव्हता. त्यानं मला विचारलंन, "तुला नियम ठाऊक नव्हता काय गो?"

"होता."

"मग?"

"विसरले."

"विसरली!" मागून कोणीतरी म्हणालं. "सरंगा बघून आमीपन विसरतो."

एकजण म्हणाला, पोर हाय, सोडा. दुसरा म्हणाला, आज सरंगा, उद्या टोपली, नि मग कोणी कोणावर नजर ठेवायची, मासळी ओढायची की चोर धरायचे? ते खरंच होतं. रापण चालते ती सगळ्यांनी डोळे मिटले तरी कोणी चोरणार नाही, या भरवशावर. आयनं एक शब्द काढलान नाही माझ्या बाजूनं. एवढंच म्हणाली, "चूक घराची हाय. घर फेडंल."

मग अण्णानं सांगितलंन. शिमगा होईस्तवर आमच्या घरानं बिनवाट्याचा दोर ओढायचा. हर ओढीला घरातलं एक माणूस हजर पायजे. ओढ झाली की जाळं धुवायचं, वाळत घालायचं. एक जरी ओढ चुकली, तर दोरावरची आमची जागा गेली. कायमची. आणि तोवर कोणी आम्हाला मासळी द्यायची नाही, शेपूटसुद्धा नाही.

आयनं मान हलवलीन. घरी आल्यावर आत्यानं विचारलंन काय झालं. आयनं सांगितलंन. आत्या म्हणाली, "शिमग्यापर्यंत? दिवाळी तर अजून यायची हाय." आणि सुईत दोरा ओवायला लागली.

परवा मी गुडघ्याच्या गोळ्यांसाठी रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात गेले होते. आवारात एक माणूस झाडत होता, चांगल्या घरचा, पायात बूट, तोंडाला रुमाल बांधलेला. नात म्हणाली, आजी, नवीन कायदा आलाय, दारू पिऊन रस्त्यात धिंगाणा घातला तर कोर्ट तुरुंगाऐवजी असं फुकट काम देतं. मी त्याच्या जवळ गेले. विचारलं, "किती दिवस रे?" तो म्हणाला, "अजून तीन, आजी." म्हटलं, "झाडू उभा धर. वाकून झाडलंस तर तीन दिवसांत कंबर जाईल." त्यानं रुमालाआडून बघितलंन माझ्याकडं. त्याला वाटलं असेल म्हातारी चेष्टा करते. चेष्टा नव्हती. रुमाल बघून मात्र वाटलं, ही सोय बरी आहे. आमच्या शिक्षेला तोंड झाकायची सोय नव्हती. दोन्ही हात दोरावर.

ओढायचं काय, ते अंगवळणी पडतं. त्रास वेगळाच होता. हाक कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून आयला लांब कामाला जाता येईना. एरवी ती कातळावरचं गवत कापायला, लाकडं आणायला, कोणाच्या भाताच्या झोडणीला जायची. आता हाक ऐकू येईल तेवढ्यातच काम बघायचं, नि तेवढ्यात काम असतं किती? वारा फिरला की हाक ऐकू येते की नाही म्हणून ती मधेच थांबायची, मान वर करून उभी राहायची. तिला तशी उभी बघून मीही थांबायची. आजही कुठं कोणी लांबून ओरडलं की माझा हातातला घास थांबतो.

खायला कुळीथ, नाचणीची भाकरी, भाताची पेज. पेजेतली शितं मोजून घ्यावी एवढी. खडपावर, दर्यातल्या खडकांवर, जाऊन कालवं फोडून आणायचो कधी, ती कोणाच्याच वाट्यातली नव्हती. पण खडप आमचं एकट्याचं नव्हतं, नि पोटं बरीच होती. सगळ्यात वाईट तिन्हीसांज. सगळ्या घरांतून बांगडा भाजल्याचा वास. आत्या दार लावून घ्यायला सांगायची. दार लावलं तरी कौलांतून यायचा.

दोरावर आम्हाला शेवटची जागा. शेपटीकडचा माणूस ओला दोर गोळा करून वेटोळं घालतो. तिथं बाबल्यामामा असायचा, दात नसलेला म्हातारा, दोर ओढण्यापेक्षा दोराला धरून उभा राहायचा जास्त. तो एकटा माझ्याशी बोलायचा. म्हणायचा, "वाईट वाटून नको घेऊ गो. पुढं उभं राह्यलं की तांडेलाच्या शिव्या. हितं मागं नुसता वारा." एकदा म्हणाला, "माझ्या बापानं असाच बिनवाट्याचा ओढलान, एक पूर्ण मोसम. कशापायी म्हायतीय? दोरावर झोपला म्हणून." मी हसले. त्या पाच महिन्यांत मी हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

पौषात आयला हिवताप आला. एक दिवसाआड हुडहुडी भरायची. गोधडीवर गोधडी टाकली तरी दात वाजायचे. मग मी एकटी जायची. शाळा सुटलीच होती. एक माणूस हजर असलं की झालं, मोठं की लहान हे गावकीनं सांगितलं नव्हतं. पंधरा दिवस असे गेले. मग एका सकाळी मी परसात गेले नि मला दिसलं की मला कावळा शिवलाय. पहिल्यांदाच. आय आत फणफणलेली, ओळख नसल्यासारखी बघत होती. मी आत्याकडं गेले नि सांगितलं. मला वाटलं आता गोणपाट, आता कोपरा.

त्या दिवसांत बाईनं दोराला शिवायचं नाही. शिवली तर जाळं फाटतं, दर्या कोपतो, होडी परतत नाही, ज्याला जे ठाऊक ते तो सांगायचा. एरवी घरातून दुसरं माणूस पाठवायचं, त्यात लाज नव्हती. पण आमच्याकडं दुसरं माणूस कुठलं? आय ताप घेऊन पडलेली. आत्याला देवळाची पायरी चढवत नव्हती. मी गेले नाही तर जागा गेली. गेले तर विटाळ घेऊन गेले.

आत्यानं माझ्याकडं बघितलंन. आणि तेवढ्यात सड्यावरून हाक आली, "होऽऽऊ!"

आत्यानं ट्रंकेतून जुनं लुगडं काढलंन, टराटरा फाडलंन, मला घडी कशी घालायची ते दाखवलंन. मग म्हणाली, "जा."

"आत्या, दोर..."

"जा म्हटलं ना. त्वांड मिटून जा. तुझे चार दिवस मी बसते."

मला कळलं नाही. मी उंबऱ्याशी उभी. तिनं भुईला हात टेकलान, उठली, भिंत धरत धरत पडवीच्या त्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत गेली, गोणपाट ओढून घेतलंन, नि बसली. साठ वर्षांची बाई. जाळं, सुई, सगळं आतच ठेवून आली होती. "आता घरातल्या कशाला मी शिवायची नाय," म्हणाली. "तू शिव. पळ, ओढ सुरू व्हईल."

मी धावले. दोर धरला. मला वाटलं दोर तुटेल. मग वाटलं होडी उलटेल. होडीत धाकूअण्णाचा थोरला मुलगा होता, मी सारखी त्याचं डोकं मोजत होते, आहे, आहे, अजून आहे. पोटात कळा येत होत्या. बाबल्यामामा म्हणाला, "आज लय जड लागतंय गो." मला वाटलं त्याला समजलं. पण दोरच जड लागत होता. पुढून ओरडा झाला, "सावकाश! सावकाश! फाटंल!" मी डोळे मिटले.

जाळं फाटलं नाही. बांगडा होता. वाडीनं तेवढा बांगडा कित्येक वर्षांत बघितला नव्हता. सगळी वाळू निळी-हिरवी होऊन तडफडत होती. बाप्ये नाचायला लागले. सखूकाकीनं फुगडी घातलीन. म्हातारे हात जोडून दर्याला नमस्कार करत होते नि म्हणत होते, कोणाच्या पुण्याईनं आला कोण जाणे. मी तिथं सगळ्यांत मागं दोराचं वेटोळं घेऊन उभी होते.

वाटे घालताना अण्णानं एक वाटा जास्त घातलान. मग मागं बघून हाक मारलीन, "यमे, इकडं ये." तो म्हणाला, "आज दर्यानं हात सोडून दिलंन. आज कोणाला उपाशी ठेवायचं नाय. ह्यो वाटा तुझा. आयशीला ताप हाय, घेऊन जा." कोणी हूं का चूं केलंन नाही. सखूकाकीसुद्धा म्हणाली, "घे गो, घे."

टोपलीभर बांगडा. मी त्याच्याकडं बघितलं नि मला भीती वाटली. मला वाटलं, ही मासळी हातात घेतली तर आत्ता, इथंच, काहीतरी होईल. ओच्यातला सरंगा एकदा सगळ्यांनी बघितला होता. आता माझ्याजवळ जे होतं ते कोणी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "शिमगा झाला नाय अजून."

एवढंच म्हटलं. अण्णा माझ्याकडं बघतच राहिला. मग त्यानं डोक्याचं फडकं काढलंन नि वाडीला म्हणाला, "बघा. हिला म्हणतात शब्द. पोरीकडून शिका काय तरी." बाया डोळे पुसायला लागल्या. बाबल्यामामानं माझ्या डोक्यावर हात ठेवलान. मी खाली मान घालून जाळं धुवायला पाण्यात गेले. गुडघ्याएवढं पाणी होतं. बरं वाटलं पाण्यात.

माझ्याआधी बातमी घरी पोचली होती. आय गोधडीतून उठून बसली होती, डोळे लाल. "समोर ठेवलेला वाटा नको म्हटलंस?" म्हणाली. "घरात पेजेला तांदूळ नाय, आणि तुला ताठा सुचतो? कोण लागून गेलीस गो तू?" तिनं हात उचललान, पण तिला तेवढं बळ नव्हतं, हात गोधडीवर पडला. मी पडवीकडं बघितलं. कोपऱ्यातून आत्या म्हणाली, "मारू नको वैनी. तिनं बरं केलंन."

"तुम्ही बाहेर काय करताय?" आयनं विचारलंन.

"वारा खातंय."

चार दिवस ती तिथं बसली. पौषातली थंडी, दर्याचा वारा. मी तिला पाणी वरून ओतायची, भाकरी लांबून सरकवायची. चुकून जवळ गेले तर ओरडायची, "लांब हो! विटाळ हाय!" सखूकाकी वाटेनं जाताना थांबली. म्हणाली, "काय गो बाय, या वयात बाजूला बसलीस? नवरा मिळाला काय?" आत्या म्हणाली, "मिळाला. तुझाच हाय, घरी जाऊन बघ." पाचव्या दिवशी तिनं डोक्यावरून पाणी घेतलंन, गोणपाट धुतलंन, नि सुई हातात घेऊन बसली. परत त्याविषयी बोलली नाही. आयला ताप उतरल्यावर कळलं असणार, वाळत घातलेली फडकी तिनंच गोळा केलीन. एका दुपारी मला पुढ्यात बसवून माझ्या केसांना तेल लावलंन, बराच वेळ लावत बसली.

शिमगा झाला. एकही ओढ चुकली नव्हती. होळीनंतरच्या पहिल्या ओढीला अण्णानं आमच्या घराचं नाव घेतलंन, आणि माझ्यापुढं अर्धा नाही, पुरा वाटा घातलान. म्हणाला, ज्या पोरीनं त्या दिवशी बांगडा नको म्हटला ती लहान नाय. वाडीत पुढं कोणी चुकलं की माझं नाव सांगायचे. यमीकडं बघा. माझं लग्न वाडीतच झालं, तेही त्याच नावावर. सासरा म्हणायचा, आम्ही मुलगी नाही, सचोटी घरात आणली. मी चहा ठेवायला आत जायची.

त्या दोरावर मी चाळीस वर्षं उभी राहिले. मग मशीनच्या होड्या आल्या, मासळी बाहेरच्या बाहेर जायला लागली, रापण सड्यावरच्या देवळात गुंडाळून ठेवली ती उंदरांनी खाल्ली. ज्या जागेसाठी आम्ही तिघींनी एवढं केलं ती जागाच आता राहिली नाही. अण्णा गेला, आय गेली, आत्या तर कधीच. तेव्हा आज सांगायला हरकत नाही.

नातीनं हे सगळं लिहून घेतलंन. मग पेन खाली ठेवून विचारलंन, "आजी, म्हणजे तुला ठाऊक होतं की काही होत नाही. जाळं उलट भरून आलं. मग पुढं तू नियम मोडलास ना?"

नाही मोडला. दर महिन्याला चार दिवस, कोपऱ्यात, गोणपाटावर बसले. पुढं सुनेलाही बसवलं.

"का पण?" ती चिडलीच माझ्यावर.

काय सांगू तिला. तेवढे चार दिवस तरी हातात दोर नसायचा.